फायबर गावात आलं, वेळ कधी येणार?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात गेल्या उन्हाळ्यात लग्नाला गेलो होतो. जेवण आटोपून कडुनिंबाखाली खाटेवर टेकलो, तेवढ्यात नवरीच्या मोठ्या काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाऊ, तुमी टेलिफोनात होते ना? मंग सांगा बरं, टावर त फुल दाखवते, नेट काहून चालत नाही?" भोवती पाच-सात जण जमले. सगळ्यांची तीच तक्रार. एकाच्या पोरीचा प्रवेशाचा अर्ज शेवटच्या पानावर अडकला होता, दुसऱ्याची ई-पीक पाहणी फोटो चढत नाही म्हणून राहिली होती.

टॉवर न पाहता निदान करणं बरोबर नाही, म्हणून मी तिथं ठाम काही बोललो नाही. एका टॉवरवर माणसं जास्त झाली असतील, मागची जोडणी अपुरी पडत असेल, वीज जाऊन बॅटऱ्या थकल्या असतील. पण आणखी एक कारण असतं आणि त्याचं नाव गावात सोडाच, जिल्ह्याच्या बैठकीतही मी कधी ऐकलं नाही. ते म्हणजे टॉवरचं घड्याळ. तीस वर्षं मी या खात्यात काढली, त्यातली बरीचशी तालुक्याच्या एक्स्चेंजांमध्ये. त्या अनुभवावरून माझं म्हणणं असं आहे की सार्वजनिक पैशातून गावोगाव जे फायबर चाललंय, त्यातूनच अचूक वेळही गावापर्यंत गेली पाहिजे, आणि ती पोचवण्याची जबाबदारी कुणाची हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे.

वेळ म्हटलं की डोळ्यांसमोर भिंतीवरचं घड्याळ येतं. फायबरच्या जाळ्यात वेळ म्हणजे ठेका, तबल्यावर धरतात तसा. एका टोकाचं यंत्र प्रकाशाच्या उघडझापीनं आकडे पाठवतं, दुसऱ्या टोकाचं यंत्र त्याच ठेक्यावर ते वाचतं. आमच्या काळातल्या एक्स्चेंजच्या यंत्रांत सेकंदाला आठ हजार चौकटी, म्हणजे आकड्यांचे ठरलेले गठ्ठे, जात; एक चौकट १२५ मायक्रोसेकंदांची. पाठवणाऱ्याचा ठेका किंचित जलद असला की घेणाऱ्याकडची साठवण हळूहळू भरते आणि शेवटी एक अख्खी चौकट टाकून द्यावी लागते. मंद असला तर तीच चौकट पुन्हा वाचली जाते. याला आम्ही स्लिप म्हणायचो. जाळ्याच्या मुख्य घड्याळानं दहा हजार कोटींत एकाहून जास्त चूक करू नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. अशी दोन घड्याळं समोरासमोर असली, तर वाईटात वाईट धरून ७२ दिवसांत एक स्लिप पडते. यंत्र मुख्य घड्याळापासून तुटून आपल्या आतल्या स्फटिकाच्या घड्याळावर चालू लागलं, तर त्याला दहा लाखांत ४.६ इतकी चूक माफ आहे. त्या चुकीवर दर अर्ध्या मिनिटाला स्लिप पडू शकते.

फोनवर बोलणाऱ्याला स्लिप म्हणजे कानात एक बारीक टक्. फॅक्सची मात्र ओळ तुटते आणि मोडेमची जोडणीच कोसळते. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी एका तालुक्याच्या गावात एका बँकेच्या शाखेची लीज्ड लाइन, म्हणजे तिच्यासाठीच राखून दिलेली तार, रोज पडायची. ऐन कापसाच्या हंगामात. जिनिंगला माल घालून आलेले शेतकरी चेक घेऊन पायरीवर बसलेले असायचे आणि आत मॅनेजर आमच्या नावानं बोटं मोडत असायचे. आम्ही मोडेम बदलला, जोड तपासले, केबलची जोडी बदलली. तीन आठवडे असे गेले. शेवटी नागपूरहून आलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं यंत्राची सेटिंग उघडली. घड्याळ 'लाइन'वर, म्हणजे तारेतून येणाऱ्या ठेक्यावर हवं होतं, ते 'इंटर्नल'वर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ठेक्यावर होतं. बदलायला मिनिटही लागलं नाही. ते तीन आठवडे मला अजून बोचतात, कारण पायरीवर बसलेल्या एकालाही आम्ही खरं कारण सांगू शकलो नव्हतो. आम्हालाच ते माहीत नव्हतं.

तेव्हा घड्याळ चुकलं तर एक लाइन पडायची. आता आजूबाजूची गावं पडतात. ४जीचा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा आणि ५जीचा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा टीडीडी पद्धतीनं चालतात. म्हणजे टॉवर आणि मोबाईल एकाच लहरीवर आळीपाळीनं बोलतात. आपल्याकडच्या एकच बैलबंडी मावेल अशा पांदणीसारखं हे आहे. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी वावराकडे जायचं, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी गावाकडे यायचं. एकाचं घड्याळ चुकलं की तो समोरून बंडी घालतो आणि दोन्हीकडची रांग अडते. टॉवरांच्या पांदणीत घड्याळाची सूट आहे अधिक-उणे दीड मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश हवेतून जेमतेम साडेचारशे मीटर जातो.

घड्याळ चुकलेला टॉवर शेजारचे टॉवर ऐकत असताना बोलू लागतो. टॉवरचा आवाज मोठा, मोबाईलचा बारीक. शेजारच्या गावातल्या माणसाला आपल्या टॉवरचा सिग्नल भरपूर मिळतो, म्हणून काड्या पूर्ण दिसतात. पण त्याचा मोबाईल जे सांगतोय ते टॉवरला गोंगाटात ऐकूच येत नाही. फोटो चढत नाही, अर्ज पुढे सरकत नाही. यातली सगळ्यात त्रासाची गोष्ट अशी की तक्रार ज्या टॉवरची येते तो निर्दोष असतो. तंत्रज्ञ तिथं जातो, सगळं हिरवं पाहतो आणि परत येतो. दोषी टॉवर कितीतरी किलोमीटर दूर असतो आणि तिथून तक्रार आलेली नसते.

मग टॉवरला वेळ कुठून मिळते? बहुतेक ठिकाणी आकाशातून. टॉवरवर एक छोटी अँटेना असते. ती सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांतल्या आण्विक घड्याळांची वेळ घेते. सोय उत्तम आहे, स्वस्तही आहे. पण तो सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो आणि त्याची सूत्रं आपल्या हातात नाहीत. २६ जानेवारी २०१६ ला अमेरिकेत एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना जमिनीवरच्या प्रणालीतून चुकीची माहिती अनेक उपग्रहांवर चढली. वेळेत सुमारे १३ मायक्रोसेकंदांची चूक झाली आणि जगभरातल्या दूरसंचार यंत्रांवर तासन् तास धोक्याच्या सूचना वाजत राहिल्या. दीड मायक्रोसेकंदाची सूट असलेल्या जाळ्यात तेरा म्हणजे किती, याचा हिशेब कुणीही करावा.

आपल्याकडे तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. मृगाच्या आधीच्या वादळात वीज पडते आणि अँटेना जाते. मेळघाटात वानरं केबल ओढतात. आकाशाची वेळ तुटली की टॉवर आपल्या आतल्या स्फटिकावर वेळ धरून ठेवतो. किती वेळ, हे स्फटिकाच्या दर्जावर आहे. शंभर कोटींत एक इतकी चूक करणारं घड्याळ सतरा मिनिटांत एक मायक्रोसेकंद घसरतं. त्याच्या शंभरपट चांगलं घड्याळ त्याच घसरणीला अठ्ठावीस तास घेतं. आता गडचिरोलीतल्या भामरागडचा विचार करा. पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुक्याचा रस्ता बंद होतो, कधी कधी चार-चार दिवस. चार दिवसांत ते महागडं घड्याळही साडेतीन मायक्रोसेकंदांच्या आसपास घसरलेलं असेल. तंत्रज्ञ नदीच्या अलीकडे उभा आणि टॉवर पलीकडे. ज्या दिवशी गर्भारणीला दवाखान्यात हलवायला फोन लागतो, तो नेमका हाच दिवस असतो.

आपले स्वतःचे उपग्रह आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण त्यांचीच कहाणी घड्याळाचं मोल सांगते. १ जुलै २०१३ ला इस्रोनं नाविक या आपल्या दिशादर्शक मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्यातली तिन्ही रुबिडियमची आण्विक घड्याळं परदेशातून आणलेली होती, आणि तीन-साडेतीन वर्षांत तिन्ही बंद पडली. उपग्रह जागेवर होता, वीज होती, संदेश येत होते. पण वेळ नव्हती म्हणून त्यावरून स्थान काढता येईना. त्यानंतर आपल्या शास्त्रज्ञांनी स्वदेशी रुबिडियम घड्याळ तयार केलं आणि २९ मे २०२३ ला ते एनव्हीएस-०१ मधून वर गेलं. फार मोठी गोष्ट आहे ही. तरीही नाविकचा सिग्नलसुद्धा अँटेनेतूनच येणार, आणि अँटेनेवर वीज पडायची थांबणार नाही. दुसरी वाट जमिनीखालून हवीच.

तारेतून वेळ पाठवणं आपल्याला नवं नाही. १८६७ मध्ये नागपूरला आगगाडी आली. त्या शतकात भारतातली रेल्वे पुढे मद्रासच्या वेळेवर चालू लागली, आणि ती वेळ वेधशाळेतून तारायंत्रानं ठिकठिकाणी पोचायची. १९०६ च्या १ जानेवारीपासून साडेब्याऐंशी रेखांशाची प्रमाणवेळ आली. नागपूरचा सूर्य त्या घड्याळापेक्षा तेरा-चौदा मिनिटं मागे आहे, धारणीचा बावीस. गाडी पकडायची म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलं. आज गरज मिनिटांची नसून मायक्रोसेकंदांची आहे, आणि तारेची जागा फायबरनं घेतली आहे. बाकी प्रश्न तोच आहे: देशाची वेळ आडगावापर्यंत कशी न्यायची?

फायबरातून वेळ नेताना अडचण अशी की प्रकाशालाही वाटेत वेळ लागतो, किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद. दीडशे किलोमीटर फायबरातून निघालेला संदेश साडेसातशे मायक्रोसेकंद शिळा होऊन पोचतो. म्हणून पीटीपी नावाच्या पद्धतीत संदेश जातो आणि उलट येतो. दोन्ही टोकांना निघाल्या-पोचल्याची वेळ नोंदवतात, एकूण प्रवासाचा निम्मा भाग एका दिशेचा धरतात आणि तेवढी दुरुस्ती करतात. युक्ती सुंदर आहे. पण तिचा सगळा भार एका गृहीतावर आहे, की जाण्याची आणि येण्याची वाट सारखीच लांब आहे. आपल्याकडे रस्त्याचं रुंदीकरण निघालं की जेसीबी फायबर तोडतो. खोदण्याआधी सूचना देण्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्रानं ॲप आणलं, तरी केबल तुटतातच. पावसात काळ्या चिखलात गुडघाभर उभं राहून जोडणारी पोरं जो कोअर, म्हणजे केबलमधला काचेचा धागा, चालेल तो जोडून मोकळी होतात. जाणारी दिशा एका वाटेनं आणि येणारी दोनशे मीटर लांबच्या वाटेनं गेली, की वेळ अर्धा मायक्रोसेकंद चुकते. सुटीतला तिसरा हिस्सा एका जोडणीत संपला, आणि इंटरनेट मात्र व्यवस्थित चालू आहे, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही दिशा एकाच कोअरवर चालवल्या तर ही चूक जवळपास नाहीशी होते. ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

दुसरा धोका याहून फसवा आहे. मी नोकरीत असताना एकदा एका रिंगवर, म्हणजे फिरून परत येणाऱ्या फायबरच्या कड्यावर, केबल तुटली. रिंग असल्यामुळे वाहतूक उलट्या बाजूनं फिरली, फोन चालू राहिले, आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवसापासून हळूहळू तक्रारी वाढू लागल्या. पडद्यावर प्रत्येक यंत्र सांगत होतं की माझं घड्याळ पक्कं बांधलेलं आहे. आमचा एक जुना लाइनमन बराच वेळ नकाशा पाहत बसला होता. मग म्हणाला, "साहेब, हे दोघं एकमेकालेच टाइम इचारून रायले." अगदी तेच झालं होतं. तुटीच्या पलीकडची दोन यंत्रं एकमेकांकडून वेळ घेत होती आणि दोघं मिळून मुख्य घड्याळापासून दूर सरकत होती. यावर उपाय जुना आणि ठाऊक असलेला आहे. प्रत्येक यंत्र शेजाऱ्याला सांगतं की माझी वेळ कोणत्या दर्जाची आहे, आणि ज्याच्याकडून ती घेतली त्याला सांगतं की माझी वेळ तू वापरू नकोस. पण ही सोय चालू करावी लागते, आणि कोण कुणाकडून वेळ घेणार याचा आराखडा कागदावर असावा लागतो. आमच्या रिंगचा असा कागदच नव्हता.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. गावोगाव फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला भारतनेट नाव मिळालं, महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट म्हणून झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यातला एक बदल मला मनापासून पटतो: एका दोरीत ओवलेल्या ग्रामपंचायतींऐवजी रिंग करायच्या. दोरी मध्येच तुटली की पुढची सगळी गावं अंधारात जायची, रिंगमध्ये दुसरी बाजू असते. मात्र जिथं रिंग आहे तिथंच दोन यंत्रांनी एकमेकांना वेळ विचारत बसण्याचा धोका आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात ठेका नेणारं सिंक-ई आणि वेळ नेणारं पीटीपी चालतं असं छापलेलं असणं पुरेसं नाही. विहिरीवर पंप बसवला म्हणजे वावरात पाणी आलं असं होत नाही. वेळेचा उगम कुठे, ती कुठल्या वाटेनं येणार, उगम तुटला तर दुसरा कुठला, आणि गावाच्या टोकाला ती किती चुकते हे कोण मोजणार? लोकांसमोर प्रगती मांडली जाते ती किलोमीटर आणि ग्रामपंचायतींच्या आकड्यांत. त्यात वेळेचा रकाना मी पाहिलेला नाही.

उगमाचाही प्रश्न आहे. देशाची वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जाते. ती देशभर पोचवण्यासाठी केंद्रानं पाच ठिकाणं निवडली: अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी. सगळ्यांनी हीच वेळ वापरावी अशा नियमांचा मसुदाही जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. दिशा योग्य आहे. पण या पाचांत देशाचा मध्य नाही. नागपुरात दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात, आणि रुळांच्या कडेनं फायबरही धावतं. नागपूर आणि अमरावती या दोन विभागांच्या ठिकाणी एकेक मुख्य घड्याळ बसावं, नाविकचा रिसीव्हर आणि रुबिडियम किंवा सीझियम घड्याळ असलेलं, फायबरनं राष्ट्रीय वेळेशी जोडलेलं आणि एकमेकांवर लक्ष ठेवणारं. तिथून विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत, प्रत्येक तालुक्यापर्यंत वेळ यावी आणि ज्या कंपनीला हवी तिला रास्त दरात मिळावी. प्रत्येकानं आपापल्या टॉवरवर आपापली अँटेना लावून आकाशाकडे बघत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि पुरातही टिकेल. स्वीडनमध्ये दूरसंचार नियामकाच्या पैशातून स्टॉकहोम, गोथेनबर्ग, माल्मो, सुंडस्वाल आणि थेट उत्तरेच्या लुलेओपर्यंत घड्याळांची ठाणी उभी आहेत आणि तिथून देशाची वेळ जाळ्यावरून दिली जाते. लुलेओ राजधानीपासून दूर आहे म्हणून त्याला वगळलेलं नाही.

माझ्याच क्षेत्रातले मित्र यावर एक रास्त आक्षेप घेतात. ते म्हणतात, खेड्यात लांब पोचणारा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा चालतो. त्यात जाणं-येणं वेगवेगळ्या लहरींवर आहे, त्याला ठेका लागतो पण मायक्रोसेकंदांची वेळ लागत नाही. हे खरं आहे. पण त्या पट्ट्याची ताकद मर्यादित आहे. शाळा, आरोग्य उपकेंद्र, घरातला बिनतारी ब्रॉडबँड यांचा भार घ्यायला रुंद पट्टे लागतात, आणि ते टीडीडीचे आहेत. खेड्याला फक्त लांब पोचणारा पट्टा पुरे, असं आज ठरवलं तर आपण त्याचा वेग पुढच्या वीस-पंचवीस वर्षांसाठी ठरवून टाकतो. कारण एकदा बुजवलेली चर पुन्हा कुणी उघडत नाही.

दुसरा आक्षेप मला गावातच ऐकायला मिळतो. प्यायला पाणी नाही, बोंडअळीनं कापूस गेला, आणि तुम्ही मायक्रोसेकंद काय घेऊन बसलात? या रागाचा मला आदर आहे. पण विमा मागायचा तर अर्ज ऑनलाइन, धान्य घ्यायचं तर अंगठा यंत्रावर, डॉक्टरचा सल्ला व्हिडिओवर. हे सगळं सरकारनंच जाळ्यावर नेलंय. दुसरी खिडकी बंद केली, तर उरलेली खिडकी उघडी ठेवणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. आणि खर्च मोठा आहे तो चर खोदण्याचा. घड्याळ आणि त्याचा आराखडा हा त्यावरचा लहानसा भाग आहे, तोही आत्ता केला तरच लहान.

माणसांचा विचारही हवा. घड्याळ तुटल्याची सूचना यंत्रावर पिवळ्या रंगात येते, आणि पिवळ्याकडे लक्ष द्यायचं नाही हे नवीन मुलाला पहिल्याच आठवड्यात कळतं, कारण त्या क्षणी काहीच बंद पडलेलं नसतं. तालुक्याच्या आयटीआयमधून निघालेल्या पोरांना फायबर जोडायला शिकवतात. जोडल्यावर वेळ मोजायलाही शिकवा, आणि मोजायचं यंत्र निदान जिल्ह्याला एक तरी द्या.

आणि ठेकेदाराकडून रिंग ताब्यात घेताना फीत कापण्याआधी एक परीक्षा घ्या. तहसीलदार, सरपंच आणि अभियंता असे तिघं समोर असताना मुख्य ठाण्यावरची अँटेना काढा आणि रिंगची एक बाजू तोडा. चोवीस तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळ्यात टोकाच्या ग्रामपंचायतीत वेळ मोजा आणि जो आकडा येईल तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. तो दीड मायक्रोसेकंदाच्या आत असेल तर बिल काढा.